घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचंय, पण कोणतं?

पत्र असं आलंय :

"दादा, आमच्याकडे २०१६ सालचा डेस्कटॉप आहे. आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या कॉम्प्युटरवर चालणार नाही असा मेसेज येतो. मशीन बिघडलेलं नाहीये, नुसतं हळू झालंय, त्यामुळे टाकून द्यायचं जिवावर येतंय. मुलगी आठवीत आहे, तिला प्रोजेक्ट लिहायला आणि प्रिंट काढायला लागतं, सासरे रोज सकाळी बातम्या वाचतात, जुनी गाणी लावतात, आणि मी घरून टायपिंगची कामं करते, त्यात मराठीपण असतं. विंडोजऐवजी लिनक्स टाका असं सगळे सांगतात, पण कोणतं ते विचारलं की प्रत्येक जण वेगळं नाव घेतो. धाकटे दीर म्हणतात शिकायचंच तर नीट शिका, आर्च टाका. पंधरा दिवस मी नुसती वाचतेय, व्हिडिओ बघतेय आणि गोंधळ वाढतोय. एक काय ते नाव सांगा. आणि माझा डेटा जाणार नाही ना, तेही सांगा."

ताई, नाव आधीच सांगून टाकतो म्हणजे तुमचं वाचन थांबेल. लिनक्स मिंट, आणि त्यातली एक्सएफसीई एडिशन. का ते सांगतोच, पण पत्रात तुम्ही जे सगळ्यात शेवटी विचारलंय ना, डेटाचं, ते खरं तर पहिलं आहे. लिनक्सचा प्रकार चुकला तर पुढच्या रविवारी दुसरा टाकता येतो, पण मुलीचे लहानपणचे फोटो एकदा पुसले गेले की गेले. तुम्ही पंधरा दिवस नाव निवडण्यात घातलेत, त्यातले दोन दिवस बॅकअपला द्या.

हे एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या हातून ते घडलंय. खूप वर्षांपूर्वी मावशीच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकत होतो, आत दोन हार्ड डिस्क होत्या, दोन्ही सारख्याच साइजच्या, आणि इन्स्टॉल करताना स्क्रीनवर त्या नुसत्या एसडीए आणि एसडीबी अशा दिसतात, कुठली कोणती ते कळायला काही मार्ग नसतो म्हणजे असतो पण मला तेव्हा माहीत नव्हता, मी अंदाजाने एक निवडली आणि डिस्क पुसून इन्स्टॉल करा वर क्लिक केलं. फोटोंची डिस्क होती ती. मावशी एका शब्दाने बोलली नाही, पण तेव्हापासून मी कुणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी ज्या डिस्कवर काम करायचं नाही तिची केबल काढून ठेवतो.

तर तुमच्यासाठी माझा पहिला सल्ला लिनक्सबद्दलचा नाहीच, तो एसएसडीबद्दलचा, म्हणजे नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कबद्दलचा आहे. तुमचा कॉम्प्युटर हळू होण्यात विंडोजचा वाटा आहेच, पण मोठा वाटा त्या साध्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्यात खरोखर एक तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर इकडून तिकडे सरकते, प्रत्येक छोट्या फाइलसाठी सरकते, आणि रॅम कमी असली की सिस्टिम जास्तीचा माल त्याच डिस्कवर ठेवायला लागते म्हणून अजूनच रेंगाळते. एसएसडीत फिरणारं काही नसतं. २५० जीबीच्या आसपासची साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलवर बसणारी, तुमच्या कामाला भरपूर होते, मिंट स्वतः २० जीबीत बसतं, मिंटवाले १०० जीबी मोकळी ठेवा म्हणतात म्हणजे पुढे त्रास नको. जमलं तर रॅमही ४ ची ८ करा, फक्त विकत घ्यायच्या आधी बोर्डावर कोणत्या प्रकारची बसते ते बघा, २०१६ च्या मशीनमध्ये डीडीआर३ पण असू शकते आणि डीडीआर४ पण, आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर एसएसडी.

आणि एसएसडी घेतल्याने डेटाचा प्रश्नही जवळजवळ सुटतो. जुनी हार्ड डिस्क कॉम्प्युटर बंद असताना काढायची, त्या जागी नवीन रिकामी एसएसडी लावायची, आणि लिनक्स त्या रिकाम्या डिस्कवर टाकायचं. पुसलं जाण्यासारखं तिथे काही नाहीच. जमलं नाही, आवडलं नाही, मुलीचा प्रोजेक्ट उद्या द्यायचाय आणि काहीतरी अडलं, तर जुनी डिस्क परत लावा, तुमचं विंडोज जसंच्या तसं उठेल. अर्थात त्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्याच, कारण जुनी डिस्क आठ-नऊ वर्षं फिरून दमलेली असते आणि कपाटातून काढल्यावर ती चालेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आता नावांचा गोंधळ. लिनक्स हे मुळात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जो लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याचं लायसन्स असं आहे की कुणीही तो घ्यावा, बदलावा, वाटावा, फक्त वाटताना बदललेला कोडही खुला ठेवावा. म्हणून वेगवेगळ्या लोकांनी त्या गाभ्याभोवती आपापल्या आवडीचा संच बांधला, त्यालाच डिस्ट्रो म्हणतात, आणि म्हणून नावं शेकड्याने आहेत. पण नवख्या माणसाला जी नावं सांगितली जातात त्यातली बरीचशी एकाच घरातली आहेत हो. १९९३ मध्ये डेबियन सुरू झालं, त्याच्यावर २००४ मध्ये उबुंटू उभं राहिलं, आणि उबुंटूवर २००६ मध्ये मिंट, २००९ मध्ये झोरिन. आजी, आई आणि दोन मुली. त्यामुळे यातलं कोणतंही निवडलंत तरी आतलं यंत्र सारखंच असतं, उबुंटूसाठी कुणी लिहिलेला उपाय मिंटवर सहसा चालतो. फरक वरच्या कपड्यांचा आणि स्वभावाचा.

मग त्यात मिंटच का? तुमच्या घरातली तीन माणसं डोळ्यांसमोर आणून सांगतो. सासऱ्यांना खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ आणि मधे उघडलेल्या खिडक्या हे सगळं सवयीच्या जागी मिळतं. उबुंटूची रचना वेगळी आहे, पट्टी डावीकडे उभी, मेनूची पद्धत वेगळी, वाईट अजिबात नाही, पण ज्या माणसाला नुसती गाणी लावायचीत त्याला नव्याने का शिकवायचं? तुम्हाला दर सहा महिन्यांनी सिस्टिम बदलत बसायला वेळ नाही, मिंटची आत्ताची २२ मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहणार आहेत. फेडोरा खूप छान बांधलेलं असतं, मला स्वतःला आवडतं, पण त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीचा सपोर्ट साधारण १३ महिनेच असतो म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड तुमच्या मानगुटीवर. झोरिन दिसायला फार देखणं आहे, विंडोजवरून येणाऱ्यांचा विचार करून केलेलं आहे, त्याची १८ वी आवृत्ती तर विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ ला आली, आणि तुमची रॅम ८ जीबी असती तर मी मिंट किंवा झोरिन, जे दिसायला आवडेल ते घ्या म्हटलं असतं. त्यांची प्रो नावाची एक विकतची आवृत्ती आहे, ती घरच्या कामाला लागत नाही, कोअर नावाची आवृत्ती फुकट आहे.

मिंटमध्येच तीन एडिशन आहेत, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन सगळ्यात सजलेलं, एक्सएफसीई सगळ्यात हलकं. मिंटवाले २ जीबी रॅम किमान आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतात. पण खरं सांगायचं तर रॅम खाणारा सिस्टिमपेक्षा ब्राउझर असतो, आठ-दहा टॅब उघडे ठेवले की कोणतंही लिनक्स ४ जीबीवर धापा टाकणारच. एक्सएफसीई घेतलं की ब्राउझरला थोडी जास्त जागा उरते एवढंच. रॅम ८ केलीत तर सिनॅमन घ्या, बिनधास्त.

दिरांचा आर्चचा सल्ला मनापासून आलाय आणि आर्चही उत्तम आहे. त्यांची विकी, म्हणजे माहितीची साइट, तर इतकी चांगली आहे की मिंट वापरणारे आम्हीही अडलं की तिथेच जातो. पण आर्चमध्ये आवृत्ती अशी नसते, प्रत्येक प्रोग्रॅम नवीन आला की लगेच येत राहतो, आणि अपडेट करण्याआधी आज काही हाताने बदलायला लागणार आहे का ते बघायची जबाबदारी वापरणाऱ्याची असते. ज्याला सिस्टिम आतून समजून घ्यायचीय त्याच्यासाठी ते फार आनंदाचं काम आहे, पण ते त्याच्या एकट्याच्या मशीनवर. तीन माणसं वापरतात त्या मशीनवर नको. दिरांना म्हणावं एसएसडी बसवायला या, ती मदत खरी उपयोगाची.

आता नाव ठरलं तरी लगेच इन्स्टॉल करू नका. आधी लाइव्ह चालवून बघा. म्हणजे काय, तर मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम ज्या एका फाइलमध्ये असते ती, उतरवायची, ३ जीबीच्या आसपास असते, आणि ती एचर किंवा रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही, आणि लिहिताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं तेव्हा तो रिकामा घ्या. फाइल उतरल्यावर तिची चेकसम, म्हणजे फाइल मुळाबरहुकूम आहे का ते सांगणारी अंक-अक्षरांची ओळ, जुळते का तेही तपासा, कसं ते साइटवर पायरी पायरीने दिलंय. लोक हे टाळतात, पण २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटचीच साइट हॅक झाली होती आणि काही तास डाउनलोडच्या लिंकवरून छेडछाड केलेली आयएसओ जात होती. त्यांनी लपवलं नाही, लगेच जाहीर केलं, पण ज्यांनी तपासलं होतं तेच त्या दिवशी निश्चिंत राहिले.

मग पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करायचा आणि सुरू होताना बूट मेनूची की दाबायची, बहुतेक मशीनवर एफ १२, काहींवर एफ ११, एफ ९, एफ ८ किंवा एस्केप. त्या मेनूत पेन ड्राइव्ह निवडला की अख्खं मिंट पेन ड्राइव्हवरून चालू होतं, तुमच्या हार्ड डिस्कला हात न लावता, फक्त डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं जे आयकॉन दिसेल त्याला या वेळी हात लावू नका. पेन ड्राइव्हवरून चालतं म्हणून हळू वाटेल, त्यावरून स्पीडचं मत बनवू नका. इथे बघायचं ते वेगळंच, वायफाय दिसतं का, गाणं लावलं की आवाज येतो का, व्हिडिओ अडखळत नाही ना, माइक आणि कॅमेरा असेल तर तो, कॉम्प्युटर झोपवून परत उठवला तर स्क्रीन येते का. आणि प्रिंटर! घरात लिनक्स नको म्हणायचं कारण पुष्कळदा प्रिंटरच असतो. हल्लीचे वायफायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय आपोआप दिसतात, एचपीच्या बऱ्याच प्रिंटरचा आधार मिंटमध्ये आधीपासून असतो, पण काही जुने यूएसबीवाले मॉडेल हट्टी असतात. एक पान प्रिंट करून आणि एक स्कॅन करून बघा. सासऱ्यांनाही तेव्हाच बसवा समोर. त्यांनी काही न विचारता ब्राउझर उघडून गाणं लावलं तर माझ्या मते तुमची निवड तिथेच पक्की झाली.

तुमच्या कामाचं मात्र नीट बघायला हवं. मराठी टायपिंग तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच वाचता येतं त्या पद्धतीत करता का? इन्स्क्रिप्ट या प्रमाण मराठी कीबोर्डने करत असाल तर मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडायचा आणि काम सुरू, इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची सवय असेल तर इनपुट मेथडमधून आयबस आणि त्याच्याबरोबरचं एम१७एन टाकायचं, त्यात मराठीच्या दोन-तीन पद्धती मिळतात. पण तुमची कामं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आणि त्यासाठीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये द्यावी लागत असतील तर ते सॉफ्टवेअर विंडोजसाठी केलेलं असतं आणि लिनक्सवर वाइनच्या, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने चालेलच असं मी म्हणणार नाही. पोटापाण्याच्या कामात प्रयोग नको. अशा वेळी जुनी डिस्क त्याच डब्यात दुसरी डिस्क म्हणून ठेवा, पण लिनक्स टाकून पूर्ण झाल्यावरच तिची केबल परत लावा, आणि त्या कामापुरतं बूट मेनूतून विंडोज उघडा, नेट बंद ठेवून. बँक, मेल, पासवर्ड हे सगळं लिनक्सवरच, कारण त्या विंडोजला आता सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येत नाहीत. दोन्ही आलटून पालटून वापरताना एक गंमतशीर त्रास होतो, घड्याळ काही तास पुढे-मागे दाखवतं, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स जागतिक वेळ. कॉम्प्युटर बिघडला असं समजू नका, लिनक्सच्या बाजूने एका सेटिंगने ते सुटतं.

वर्डच्या फाइल्स लिबरऑफिसमध्ये उघडतात, मुलीच्या प्रोजेक्टला ते पुरेसं आहे. फॉन्ट बदलला की ओळी सरकतात आणि पान पुढे जातं ही नेहमीची तक्रार, त्यावर कॅलिब्रीच्याच रुंदीचा कार्लिटो नावाचा मोकळा फॉन्ट आहे, आणि नुसतं प्रिंटला किंवा वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफ करूनच द्या. ज्यांच्याशी वर्डची फाइल परत परत मागेपुढे होते, खुणा-दुरुस्त्यांसकट, तिथे त्रास होतो हे मान्य करतो, त्यासाठी ब्राउझरमधलं वर्ड वापरा.

जुन्या डिस्कवरचे फोटो आणि फाइल्स मिंटमधून तशाच दिसतात, ते विंडोजची डिस्क वाचतं. कधी कधी फक्त वाचता येते, लिहिता येत नाही असं होईल, तेव्हा समजा की विंडोज पूर्ण बंद झालेलं नव्हतं, फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. शेवटचं विंडोज बंद करण्याआधी ती सोय काढून टाका. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, तिच्याशिवाय ती डिस्क कुणालाच उघडणार नाही, तुम्हालाही नाही.

इन्स्टॉल झाल्यावर वेलकमची खिडकी येते, तिच्यातलं टाइमशिफ्ट आधी चालू करा. ते सिस्टिम त्या वेळी जशी आहे तशी जपून ठेवतं, एखाद्या अपडेटने बिघडलं तर कालच्या सिस्टिमवर परत जाता येतं. पण लक्षात घ्या, ते तुमच्या फाइल्स धरत नाही, फोटो आणि कामाचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. मुलीला आणि सासऱ्यांना वेगवेगळी साधी खाती करून द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याजवळ. नवीन प्रोग्रॅम हवा असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच, विंडोजसारखं कुठल्याही साइटवरून उतरवायची सवय सोडा, आणि नेटवर कुणी सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, सुरू होणारी कमांड दिली तर ती काय करते ते कळेपर्यंत टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका. अपडेटचं छोटं ढालीचं चिन्ह खाली दिसेल, आठवड्यातून एकदा त्यावर क्लिक केलंत की झालं.

क्रम एवढाच ठेवा, या आठवड्यात फाइल्सची कॉपी आणि लाइव्ह पेन ड्राइव्ह, सगळं चाललं तरच एसएसडी. पत्रात तुम्ही प्रिंटरचं मॉडेल लिहिलेलं नाही, लाइव्हवर तो दिसला नाही तर ते मॉडेल आणि तो केबलवर आहे की वायफायवर एवढं कळवा, एसएसडी घ्यायच्या आधी.